पडलेला दात आणि वाटीभर दूध

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा म्हणी सांगणे हा माझा धंदाच आहे. पण आज मी म्हणींवर बोलणार नाही, दातांवरच बोलणार आहे. तेही दात कसे घासावेत, गोड खाल्ल्यावर चूळ का भरावी, यावर नव्हे. ते आपण प्राथमिक शाळेत पाठ केले आणि पुढे तितक्याच तत्परतेने विसरलो. आजचा विषय निराळा आहे. खेळताना एखाद्या मुलाचा दात पडला, रात्री-अपरात्री दाढ ठणकू लागली, दात काढून घरी आल्यावर रक्त थांबेना, अशा वेळी दवाखाना गाठेपर्यंत घरच्या माणसाने काय करावे? आणि शाळेत असलो तर गुरुजींनी आणि बाईंनी काय करावे?

तुम्ही म्हणाल, हा मराठीचा मास्तर, याला दातातले काय कळते? प्रश्न रास्त आहे. मी दंतवैद्य नाही. जे सांगणार आहे ते जाणकार दंतवैद्यांकडून समजून घेतलेले आहे. परंतु या विषयाशी माझा संबंध फार जुना आणि अगदी तोंडचा आहे. माझ्या वरच्या दोन पटाशीच्या दातांपैकी उजवीकडचा दात माझा नव्हे. तो बसवलेला आहे.

मी तेव्हा सहावीत होतो. १९९० च्या आसपासची गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या मैदानावर आमचा विटी-दांडू रंगला होता. समोरच्या गड्याने विटी उडवून असा टोला हाणला की, ती झेलायला मी हात वर करीपर्यंत ती तोंडावर येऊन आदळली. क्षणभर काही कळले नाही. मग तोंडात रक्ताची चव आली आणि जीभ एका रिकाम्या जागेत गेली. पोरांनी धुळीत शोधून दात काढला. आख्खा दात, मुळासकट. मुळाचा भाग इतका लांब असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आमचे गुरुजी मोठे प्रेमळ. त्यांनी मला ओट्यावर बसवले, डोक्यावरून हात फिरवला. मग तो दात नळाखाली धरून नखाने खरवडून खरवडून स्वच्छ केला, अगदी मोत्यासारखा. माझ्या हिरडीत हळद दाबली, दात कोरड्या रुमालात बांधला आणि दोन पोरांबरोबर मला घरी धाडले. वडील शेतावर होते. ते येईपर्यंत एक एस.टी. निघून गेली होती. दुसरी मिळाली आणि आम्ही तालुक्याच्या गावी पोचलो तेव्हा चार तास उलटले होते. तिथल्या डॉक्टरांनी रुमाल सोडून पाहिला आणि पुन्हा बांधून वडिलांच्या हातात दिला. म्हणाले, "आता याचा काही उपयोग नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी पक्का दात बसवून घेण्याचा योग आला. तेव्हाच्या दंतवैद्यांनी मला सहज विचारले, "पडलेल्या दाताचं काय केलंत?" मी वरची सगळी हकीगत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, तुमच्या गुरुजींनी जे जे मायेनं केलं, ते ते दाताच्या मुळावर आलं."

असे का, ते नीट समजून घेऊ. कारण एकदा कळले की कृती लक्षात ठेवावी लागत नाही, ती आपोआप सुचते.

आपली समजूत अशी असते की दात म्हणजे दगड. भिंतीत खुंटी ठोकावी तसा तो जबड्यात ठोकलेला आहे. खरे तर तसे नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक जिवंत पडदा असतो. त्याची जाडी किती? मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. या पडद्यावर दात झोळीत निजवल्यासारखा टांगलेला असतो. दात उपटून पडतो तेव्हा हा पडदा मधोमध फाटतो. अर्धा खोबणीत राहतो, अर्धा दाताच्या मुळाला चिकटून बाहेर येतो. दाताच्या मुळावर जो ओलसर, गुलाबीसर थर दिसतो तो मळ नव्हे. तो जीव आहे. तो जिवंत असेतो दात खोबणीत परत ठेवला तर दोन्ही फाटलेल्या कडा पुन्हा जुळू शकतात. तो मेला, की शरीर त्या दाताला आपले मानीत नाही. मुळाच्या जागी हळूहळू हाड भरत जाते, मूळ झिजते आणि काही वर्षांनी दात जातो.

आणि हा थर मरतो कशाने? मुख्यतः कोरडे पडल्याने. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरातले दंतशल्यतज्ज्ञ येन्स आंद्रेआसन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९६६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताने पडलेले आणि परत बसवलेले ११० दात त्यांनी तपासले होते. अर्ध्या तासाच्या आत परत बसवलेल्या दातांपैकी शेकडा ९० दातांच्या मुळांची झीज झालेली दिसली नाही. दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी शेकडा ९५ दातांची मुळे झिजू लागली होती. पुढे या शास्त्रात पुष्कळ भर पडली, पण मूळ गोष्ट बदलली नाही. पहिला अर्धा तास सोन्याचा, आणि तासभर कोरडा राहिलेला दात बहुधा हातचा गेलेला.

माझा दात पडला त्या दिवशी हा अभ्यास जवळजवळ पाव शतक जुना झाला होता. कोपनहेगनपासून आमच्या शाळेच्या ओट्यापर्यंत तो पोचला नव्हता, इतकेच. आजही तो किती ओट्यांवर पोचला आहे याची मला शंका आहे, म्हणून हे भाषण.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, आणि घरी हे ऐकणाऱ्या आयाबायांनो, पुढचे जरा लक्ष देऊन ऐका. मुलगा पडला, तोंड फुटले, तर आधी मुलाकडे पाहा, दात नंतर. तो शुद्धीवर आहे ना? ओकारी होते आहे का, कानातून किंवा नाकातून रक्त किंवा पाणी येते आहे का, भलतेच बरळतो आहे का? यातले काही असेल तर दाताचा विचार बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मार डोक्याला लागला आहे. तसे नसेल तर मुलाला पुढे झुकवून बसवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. स्वच्छ फडक्याची घडी ओठावर दाबून धरा. तोंडातून रक्त येते तेव्हा थुंकीत मिसळून ते चौपट दिसते. घाबरू नका. निदान मुलाला दिसेल असे घाबरू नका.

मग दुसऱ्या कोणाला तरी दात शोधायला लावा. सापडला की तो दर्शनी बाजूने धरायचा. म्हणजे हसताना जो पांढरा, रुंद भाग दिसतो, तिथे चिमटीत धरायचा. मुळाला बोट लावायचे नाही. आता हा दात कायमचा आहे की दुधाचा, ते ठरवायचे. कारण इथे दोन वाटा फुटतात.

दुधाचा दात परत बसवायचा नसतो. त्याच्या वरच, हाडाच्या आत, कायमच्या दाताचा कोंब तयार होत असतो. दुधाचा दात दामटून बसवला तर त्या कोंबाला इजा होते. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा पुढचा दात पडला तर तो दुधाचा, हे धरून चालावे. तो पूर्वापार रीतीप्रमाणे कौलावर फेकायला माझी काही हरकत नाही. मात्र मुलाला डॉक्टरांना दाखवा. सहाव्या ते आठव्या वर्षी पुढचे दात बदलतात, तिथे घोटाळा होतो. अशा वेळी शेजारचा दात पाहावा. कायमचा पटाशीचा दात रुंद असतो, जरा पिवळसर असतो, आणि नवा असताना त्याच्या कडेला करवतीसारखे तीन बारीक दाते दिसतात. दुधाचा दात लहान आणि दुधासारखाच पांढरा. तरीही उमगले नाही, तर बसवायच्या भानगडीत न पडता दात दुधात टाकून घेऊन जा. डॉक्टर ठरवतील.

दात कायमचा असेल तर सगळ्यात उत्तम गोष्ट ही, की तो तिथल्या तिथे खोबणीत परत ठेवावा. हो, तुम्हीच. माती लागली असेल तर त्यावर थोडे दूध ओतून अलगद विसळा. दूध नसेल तर स्वच्छ गार पाण्याखाली फार तर दहा आकडे मोजेपर्यंत धरा. घासायचे नाही, पुसायचे नाही, साबण नाही, स्पिरिट नाही, राख नाही, हळद नाही. मग शेजारच्या दातावरून सुलट बाजू ओळखून तो हलक्या हाताने जागेवर सरकवा. तो बहुधा सहज बसतो. मुलाला स्वच्छ रुमालाची घडी दातांखाली धरायला सांगा, म्हणजे तो निसटणार नाही, आणि निघा.

हे ऐकून काहींच्या अंगावर काटा आला असेल. मुलगा रडतो आहे, हात थरथरतो आहे, हे आपल्याच्याने व्हायचे नाही, असे वाटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला ओकाऱ्या होत असतील तर तसे करूही नये. ज्या मुलाला हृदयाच्या झडपेचा मोठा आजार आहे, किंवा ज्याचे शरीर दुसऱ्या आजाराने फार अशक्त झाले आहे, त्याचाही दात आपण बसवू नये. या सगळ्यांसाठी दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे वाटीभर दूध.

दूधच का? पाण्यात काय वाईट आहे? साध्या पाण्यात त्या मुळावरच्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. दुधाचे तसे होत नाही. त्यातल्या क्षारांचे प्रमाण रक्ताच्या बरेच जवळ जाणारे असते, ते आंबट नसते, आणि तापवून निवलेले असेल तर जंतूही कमी. त्यात दाताच्या पेशी दोन-तीन तास तग धरू शकतात. गाईचे, म्हशीचे, पिशवीतले, कोणतेही चालेल. गार असलेले बरे. मात्र साखर घातलेले नको, गरम नको. आणि ताक किंवा दही तर मुळीच नको, कारण आंबटपणा त्या पेशींना मारतो. दूध मिळालेच नाही तर मुलाला एखाद्या पेल्यात थुंकायला लावा आणि त्या थुंकीत दात बुडवा. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण थुंकी कोरड्या रुमालापेक्षा शंभर वाटांनी बरी. मोठा माणूस असेल तर त्याने दात गालाच्या आत धरून नेला तरी चालतो. लहान मुलाला तसे सांगू नका, ते गिळून टाकील.

आता या शास्त्राची परीक्षा मला स्वतःला कशी द्यावी लागली, तेही सांगतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी होतो. माझी नऊ वर्षांची पुतणी हापशावर पाणी भरायला गेली. दांडा वर निसटला तो तिच्या तोंडावर बसला. हापशाचा दांडा कसा लागतो ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. पोर आक्रोश करीत आली आणि मागून वहिनी पदराच्या टोकात दात घेऊन आल्या. त्या पदराने तो पुसणार, एवढ्यात मी ओरडलो. "वहिनी, पुसू नका! दूध आणा, दूध!"

वहिनी म्हणाल्या, "अहो भावजी, पोरीचं तोंड फुटलंय, तिला दूध कसलं पाजताय?"

दूध पोरीला नको, दाताला पाहिजे, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत दोन मिनिटे गेली. घरात सकाळचे तापवून निवलेले दूध होते. दात विसळला, चिमटीत धरला, पोरीसमोर बसलो. आणि श्रोतेहो, प्रामाणिकपणे सांगतो, माझा हात पुढे जाईना. ती 'काका, नको, नको' म्हणत होती आणि मला माझी सहावी आठवत होती. शेवटी स्टीलच्या डब्यात दूध ओतले, दात त्यात सोडला, झाकण लावले आणि भावाच्या गाडीवरून अठ्ठावीस किलोमीटरवरचा दवाखाना गाठला. दात पडल्यापासून पाऊण तास झाला होता. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला. पण लगेच मला म्हणाल्या, "सर, एवढं माहीत होतं तर जागेवर बसवून का नाही आणलात?" मी काय उत्तर देणार!

त्यांनी दात बसवला, बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवला, धनुर्वाताच्या सुईची चौकशी केली. पुढे त्या दाताच्या आतली मेलेली नस काढून पोकळी भरावी लागली. आज दात जागेवर आहे. तो जन्मभर टिकेल, असे बाई म्हणत नाहीत. दरवर्षी फोटो काढून मूळ पाहावे लागेल, असे म्हणतात. पण वाढत्या वयात दात जागेवर राहिला, तेवढ्याने तिथले हाडही खचत नाही आणि पोर तोंडावर हात न ठेवता हसते. मी माझी शाळेची सगळी वर्षे तोंडावर हात ठेवून हसलो आहे, म्हणून हे मला मोठे वाटते.

दात पडला नाही, नुसता तुटला, तर तुटका तुकडा शोधा आणि तोही दुधात किंवा पाण्यात टाकून न्या. पुष्कळदा तो चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण तो ओठात रुतलेला असू शकतो. मुलाला ठसका लागून राहिला असेल तर श्वासनळीतही गेलेला असू शकतो. दात हलत असेल तर हलवून पाहण्याचा मोह टाळा. आणि वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील, तोंड मिटत नसेल, तर जबडा मोडला असे समजून तो तळहाताने आधार देऊन धरा आणि थेट रुग्णालयात जा.

एक गोष्ट अवांतर वाटेल, पण या दातांशीच निगडित आहे. फेफऱ्याचा झटका आला की दातखीळ बसते आणि आपल्याकडे चार माणसे धावून येतात. कोणी दातांत चमचा घालतो, कोणी लाकडाची चिपटी. त्याने जीभ वाचत नाही, दात मात्र तुटतात, आणि तुटका दात घशात गेला तर जिवावर बेतते. अशा माणसाला कुशीवर वळवा, आसपासच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काहीही घालू नका.

आता दाढदुखीकडे वळतो. ही पीडा अशी, की ती दिवसा येत नाही. आली तर अमावस्येच्या रात्री, शेवटची गाडी गेल्यावर. आपल्याकडे हिचा दोष पुरातन काळापासून किडीला दिला गेला आहे. दाताला 'कीड लागली' असे आपण आजही म्हणतो. त्या शब्दाचाच धंदा करणारी माणसे आठवड्याच्या बाजारात मी लहानपणी पाहिली आहेत. निखाऱ्यावर रिंगणीचे बी टाकायचे, नळीने धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा, तोंडाखाली पाण्याची थाळी धरायची. थोड्या वेळाने थाळीत पांढरे, वळवळल्यासारखे दिसणारे तुकडे! "बघा पावणं, हे किडे निघाले." बघणारे थक्क. खरे तर ते बियांच्या पोटातले वाकडे अंकुर. उष्णतेने बी फुटते आणि ते बाहेर पडतात. दाढेत धूर न देता नुसत्या थाळीवर तेच बी जाळले तरी तेवढेच 'किडे' निघतील. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले, की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला दातात किडा आढळला नाही. दात पोखरतात ते तोंडातले जंतू. गोडधोड व पिष्टमय अन्नाचे कण खाऊन ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लाने दात विरघळतो. भोक नसेपर्यंत पोचले की ठणका सुरू होतो.

तेव्हा रात्री दाढ ठणकली तर काय? पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. दातांत काही अडकले असेल तर दोऱ्याने हळूच काढा. पुष्कळदा सुपारीचे खांड किंवा उसाची चिपाडी निघते आणि निम्मी पीडा तिथेच संपते. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेच्या भोकात ठेवा. हिरडीवर नको, पोळते. लहान मुलांना हे तेल देऊ नका. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात पाण्याबरोबर घ्यावी. पाण्याबरोबर, हे मुद्दाम सांगतो. कारण ॲस्पिरिनची गोळी कुस्करून दाढेशी दाबून ठेवणारे मी पाहिले आहेत. त्याने दाढ थांबत नाही, गाल आणि हिरडी मात्र आतून भाजून पांढरी होते. आणि सोळा वर्षांखालील मुलांना तर ॲस्पिरिन पोटातही देऊ नये. तंबाखूची चिमूट, मिश्री, रॉकेलचा बोळा, बॅटरीतले पाणी, यांतले काहीही दाढेत घालू नका. बॅटरीतले पाणी कोण घालील, असे शहरातल्या माणसाला वाटेल. गावाकडच्या श्रोत्यांना वाटणार नाही.

आणि गाल सुजला असेल तर बाहेरून विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक देऊ नका. गार पाण्याची पट्टी ठेवा. या सुजेविषयी मला दोन शब्द जास्त बोलायचे आहेत, कारण दाढदुखीने कोणी मरत नाही, असा आपला समज आहे आणि तो खोटा आहे. दाढेच्या मुळाशी झालेला पू वाट शोधतो. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरू लागला तर जिभेखालचा भाग फुगून जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. हे एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतही होते.

म्हणून सुजलेल्या गालाबरोबर ही लक्षणे पाहा. ताप भरला आहे. तोंडात दोन बोटे उभी जातील इतकेही तोंड उघडत नाही. थुंकी गिळवत नाही, ती ओघळते आहे. आवाज घोगरा, तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतो आहे. सूज हनुवटीखाली किंवा गळ्यावर उतरली आहे, किंवा वर डोळ्यापर्यंत चढून पापणी मिटली आहे. यांतले एक जरी दिसले, तर सकाळची वाट पाहायची नाही. ऊस तोडायचा राहिला असो, घरात लग्न असो. त्याच रात्री १०८ ची गाडी बोलावून मोठे रुग्णालय गाठायचे. आणि घरातल्या कोणाच्या तरी राहिलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या खाऊन 'उतरेल' म्हणून निजायचे नाही. मधुमेह असलेल्या माणसाने तर दुप्पट सावध राहावे.

राहता राहिले दात काढल्यानंतरचे रक्त. दाढ काढून माणूस घरी येतो, वाटेत पान खातो, तीनदा चूळ भरतो, पाचदा थुंकतो, आणि रात्री म्हणतो, "रक्त थांबत नाही." थांबेल कसे? खोबणीत रक्ताची जी गाठ धरते ती त्या जखमेचे झाकण असते, आणि ते झाकण तो चुळांनी उडवीत असतो. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणे नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. रक्त येऊ लागलेच तर स्वच्छ फडके किंवा जंतुरहित कापडाची जाड घडी पाण्याने ओली करून पिळायची, नेमकी त्या खोबणीवर ठेवायची आणि दात घट्ट मिटून अर्धा तास बसायचे. अर्धा तास घड्याळाने. दर दोन मिनिटांनी काढून 'थांबलं का' म्हणून पाहायचे नाही, बोलायचे नाही. एवढ्याने न थांबले तर पुन्हा एकदा करा आणि तरीही वाहत असेल तर डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगितलेले बरे. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका. झोपताना उशी उंच घ्या आणि उशीवर जुने फडके टाका, नाहीतर सकाळी घरच्यांना भलतीच भीती वाटेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती करून थांबतो. उद्या शाळेत गेल्यावर चौकशी करा, की आपल्या जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य आहेत, ते कोणत्या वारी असतात आणि त्यांचा दूरध्वनी कोणता. ते कागदावर लिहून कार्यालयाच्या भिंतीला लावा. दंतवैद्य जवळ नसतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टरही दात जागेवर बसवून पुढे पाठवू शकतात. आणि शाळेजवळ कोणाकडे दिवसभर निवलेले दूध असते, ते विचारून ठेवा. चहाच्या टपरीवर बहुधा असते. मी माझ्या जुन्या शाळेत गेल्या वर्षी जाऊन हे सगळे सांगितले. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले, वहीत लिहूनही घेतले. मग कार्यालयातल्या लेखनिकांनी चष्मा वर करून विचारले, "पण सर, ह्या दातासाठी आणलेल्या दुधाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा?" मुख्याध्यापकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "क्रीडा साहित्य."